पाळकसाहेब, निवडणुकीआधी एवढं कराच

आचारसंहिता लागली की वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत आपल्या चार-दोन ख्रिस्ती घरांनाही अचानक भाव येतो. कापसाला न का येईना. तेव्हा ही संधी दवडू नका.

उमेदवाराला रविवारच्या उपासनेलाच बोलवा. तो उशिरा येईल, तोवर गीतं लांबवा. आला की पुढची खुर्ची द्या. उंची कपडेवाल्याला बरी जागा देऊन गरिबाला पायापाशी बसवू नका, असं बायबलातल्या याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे खरं, पण तो उतारा त्याच दिवशी वाचायला कोणी सांगितलंय? मग डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा, फोटो निघेपर्यंत डोळे उघडू नका. गेल्या खेपेला त्याच्या विरोधकासाठीही हीच प्रार्थना केली होती, हे प्रभूला ठाऊक आहे. उमेदवाराला कळू देऊ नका म्हणजे झालं.

कायद्याचं भ्या नको. धर्मस्थळाची जागा राजकीय कामाला वापरू दिली तर 1988 च्या कायद्यात 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजारांपर्यंत दंड आहे. देवाच्या कोपाची भीती घालून मत मागणं हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, कलम 123 खाली, भ्रष्ट आचार ठरतो. म्हणून कोप म्हणूच नका. ‘प्रभूनं माझ्या मनावर एक ओझं ठेवलंय, भाऊ,’ एवढंच म्हणा. ओझ्याला कलम नाही.

सैतानानं येशूला उंच डोंगरावर नेऊन जगातली सगळी राज्यं दाखवली, तरी तो नमला नाही. आपल्याला एवढं मोठं कोणी दाखवतच नाही. चर्चपुढे सभामंडप, पेव्हर ब्लॉक, दफनभूमीला भिंत. भिंत खरंच पाहिजे, गुरं शिरतात. त्यासाठी अर्ज करता येतो, ग्रामसभेत उभं राहून भांडता येतं, आपल्यातल्या कोणाला पंचायतीला उभंही करता येतं. पण ह्या सगळ्यासाठी नागरिक व्हावं लागतं, आणि चपला झिजतात.

एक पथ्य मात्र कडक पाळा: व्यासपीठावरून राजकारण बोलायचं नाही. उमेदवार येऊन गेला तो आशीर्वाद. राजकारण म्हणजे वेचाई, कापूस वेचण्याची मजुरी. मंडळीतल्या बाया ज्याच्या वावरात दिवसभर वाकून कापूस वेचतात, तो चुकारा पुढे ढकलत असेल, आणि तोच चर्चचा कारभार पाहणाऱ्या आपल्या वडीलमंडळात असेल, तर रविवारी स्वर्गाविषयी बोला. तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी परमेश्वराच्या कानी जाते, हे याकोबानंच पाचव्या अध्यायात लिहून ठेवलंय. वाचावंच लागलं, तर पीक म्हणजे आत्मे, असा अर्थ लावा. पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरीही 1983 सालीच यवतमाळहून पुण्याला गेली. हटकायला जवळपास कोणी नाही. शेजारच्या घरी कर्जापायी कोणी औषध घेतलं, तर सांत्वनाला जरूर जा, पण सावकाराचं नाव काढू नका. त्याचा पोरगा बूथ सांभाळतो.

एखाद्या तरण्या पोरानं उलट विचारलंच, तर येशूचं ‘कैसराचं ते कैसराला’, म्हणजे राजाचं ते राजाला, हे मोठ्यानं म्हणा. ‘देवाचं ते देवाला’ हे खोकल्यात गेलं तरी चालेल.

एवढं करूनही एक धोका उरतो. बायबलाच्या जुन्या करारातला तकोवाचा आमोस. गुरं राखणारा, उंबराची झाडं सांभाळणारा, ना संदेष्टा ना संदेष्ट्याचा पोरगा. जोड्यापायी गरिबाला विकता, असं तो इस्राएलाला सुनावत फिरला. बेथेलच्या देवळातल्या अमस्या याजकानं त्याला हाकललं: यहूदात जाऊन भाकर खा, इथं बोलू नको, हे राजाचं पवित्रस्थान आहे. तसा कोणी धुऱ्यावरून उठून तुमच्या चर्चात आला, तर अमस्याचं हे वाक्य पाठ असू द्या. राजाच्या जागी आमदारसाहेबांचं नाव घाला. आठवलं नाही तर सभामंडपाकडे पाहा, तिथं रंगवलेलं असेलच.