पातेल्यावरचं नाव

गेल्या शनिवारी वर्तकनगरला मी दहा-बारा माणसांसमोर चोर ठरले. चोरीचा माल काय, तर मीच फुकट वाटायला नेलेलं एक पातेलं.

आमची पाचपाखाडीतली इमारत पुनर्विकासाला गेली आहे. मेअखेर जागा रिकामी करायची आणि तीन वर्षं (म्हणजे पाच) घोडबंदर रोडला भाड्याने राहायचं. त्या जागेला लॉफ्ट नाही. ठाण्यातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. इथे निम्मे लोक असं घर सोडून गेलेले आहेत आणि उरलेले निम्मे अजून सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतायत.

माळ्यावरून काय काय उतरलं ते लिहीत नाही. फक्त पेले ४६ निघाले. आम्ही घरात तिघं.

माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते. तिला फोनवर रडगाणं ऐकवलं तर म्हणाली, "मावशी, एवढं काय त्यात? पिशवी भर आणि चॅरिटी शॉपमध्ये देऊन ये." तिच्या घराजवळ म्हणे बाजारच्या रस्त्यावर अशी चार-पाच दुकानं आहेत. लोक जुनं सामान आणून देतात, स्वयंसेवक ते निवडतात, किमती लावून विकतात आणि पैसा संस्थेच्या कामाला जातो. देणारा कर भरत असेल तर त्याच्या वस्तूंतून आलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार पदरचे २५ पेन्स संस्थेला देतं. ऑक्सफॅम या मदतसंस्थेचं असं पहिलं दुकान ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर निघालं, ते १९४७-४८च्या सुमारास. वर्ष ऐकलं आणि म्हटलं बरोबर आहे. इथून गाशा गुंडाळून गेलेल्यांना एवढं सामान कुठेतरी द्यायचंच असणार. त्यांच्याही नव्या जागेला लॉफ्ट नसेल.

आपल्याकडे ही सोय नव्हती असं नाही. आपल्याकडे बोहारीण होती. दुपारी अडीचला, बरोब्बर डोळा लागायच्या वेळी, जिन्यातून "भांडीय्ये" अशी हाक यायची. मग दारात फतकल मारून ती साडी उजेडाकडे धरायची आणि सुतासुतातून आमच्या खानदानाची लायकी काढायची. "काय ताई, विरलीये. हिला काय घेऊ?" आई म्हणायची, एकदाच नेसलेय. दोघी खोटं बोलायच्या आणि दोघींना ते माहीत असायचं. तासाभराने दोन पॅण्टी, तीन साड्या आणि वर बाबांचा एक शर्ट (बाबा ऑफिसात) जाऊन घरात एक स्टीलचा डबा यायचा. जरीची साडी असली तर तिचा आवाज लगेच मऊ व्हायचा, कारण जरी जाळली की चांदी निघते. अपमान व्हायचा, पण अपमानाच्या बदल्यात डबा मिळायचा. आणि तीन जिने चढून ती यायची, आपण नाही.

आता बोहारीण नाही, म्हणून मी वर्तकनगरच्या, जुनं सामान घेणाऱ्या एका संस्थेकडे रिक्षाला शंभर रुपये देऊन गेले. मीटरने साठ-पासष्ट होतात, पण पोती बघून त्याने तोंड वाकडं केलं.

संस्थेचं नाव सांगत नाही, कारण परत तिथेच जावं लागणार आहे. एक गाळा आहे. अर्ध्यात सामान घेतात, अर्ध्यात दहा-वीस-पन्नास रुपयांना विकतात. आधी व्हॉट्सॲपवर फोटो मागवतात. मी २६ फोटो पाठवले. उत्तरादाखल हात जोडल्याचं एक चित्र आलं. तो होकार आहे असा माझा समज झाला. नमस्कार करून वाटेलाही लावतात, हे ध्यानात आलं नाही.

दारावर पाटी : "जे स्वतः वापराल तेच द्या." ही पाटी मी तीनदा वाचली. वापरत असते तर दिलं असतं का हो? आणि वापरत नाही म्हणून देते तर मी अप्पलपोटी? ज्याने ही पाटी लिहिली त्याच्या घरी लॉफ्ट असणार.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर लोक म्हणतील बाई नुसती चिडकी. टेबलावरच्या मुलीने मला कोपऱ्यातलं एक पोतं दाखवलं. एका पायाची चप्पल, दात पडलेला कंगवा, वापरलेली आतली वस्त्रं, तीही न धुतलेली. लोक देवाला नारळ वाहावा तसं हे आणून ठेवतात आणि हलके होऊन घरी जातात. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून पोचलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून होते, कारण तिथल्या माणसांना घालता येईल असं त्यात फारसं नव्हतं. 'गूंज'सारखी संस्था जुन्या सुती कपड्यांचे धुऊन सॅनिटरी पॅड करते, पण त्यासाठीसुद्धा कापड धड लागतं. ती मुलगी हे सगळं चांगल्या शब्दांत बोलत होती आणि मला आमच्या पोत्यातला फाटका अभ्रा आठवत होता. तो मी हळूच पर्समध्ये घातला.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक काका बसले होते.

काका संस्थेचे नव्हते, हे मला अगदी शेवटी कळलं. ते वैधमापन खात्यातून निवृत्त झाले होते. म्हणजे आपण ज्याला वजनमापं खातं म्हणायचो ते. उभी हयात दुकानदारांची वजनं उलटी करून खालचा शिक्का बघितला. निवृत्तीनंतर उलटं करायला घरात काही उरलं नसावं. म्हणून दर शनिवारी इथे.

"कुकर," काका म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "शिट्टी?"

"आहे."

"आयएसआय?" त्यांनी कुकर उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला. "आयएस २३४७ दिसत नाही कुठे. २०२१च्या फेब्रुवारीपासून त्याशिवाय कुकर विकता येत नाही."

"मी विकत नाहीये काका. देतेय."

"पण ह्या विकणार ना." मुलीने कुकर बाजूला ठेवला. बाजूला म्हणजे माझ्या बाजूला.

मग त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून लोहचुंबक काढलं. माणूस खिशात लोहचुंबक घेऊन फिरतो! माझ्या लग्नातल्या ताटाला लावलं, ते टक्कन चिकटलं. "निकल नाही ह्यात, हलकं स्टील," काका हळहळले. माझ्या मामाने १९९६ साली मला निकल न घालता उजवलं, हे मला अशा रीतीने कळलं. पुढे त्यांनी न विचारता असंही सांगितलं, की देणगीवरच्या करसवलतीसाठी आला असाल तर वस्तूंना ती सवलत नाही, ती पैशांना. तेही रोख २,०००च्या वर नाही. मी कशासाठी आले होते ते मलाच आठवेना.

वाणाची पिशवी उघडली तेव्हा तर ते खुर्चीतून उठलेच. पंधरा संक्रांतींचं वाण होतं. गाळण्या, साबणदाण्या, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्या, सगळं कोरं.

"वाण आहे हे."

"हो."

"वाण दान करत नाहीत, ताई. वाण लुटतात."

"मग लुटा ना!" मी म्हटलं. मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. टेबलावरच्या मुलीने पडत्या फळाची आज्ञा समजून सांगितलं, की प्लास्टिकचा साठा सध्या भरलाय, २ ते ८ ऑक्टोबर दान उत्सव असतो, तेव्हा आणा. ऑक्टोबरात आमच्या इमारतीच्या जागी खड्डा असेल. पण ते तिला काय सांगणार.

आता पातेलं. पाच लिटरचं, स्टीलचं, जाड बुडाचं, काठाला एक पोचा. पूर्वी भांडं घेतलं की दुकानदार मशीनने टिकटिक करत त्यावर नाव घालून द्यायचा. जांभळी नाक्याला रांगेत उभं राहून आम्हीही घालून घ्यायचो. आमच्या भांड्यांवर अशी निम्मी नातेवाइकांची यादी आहे, आणि काका ती सगळी मोठ्याने वाचत होते, मुंजीत आहेर वाचतात तशी. "चि. सौ. कां. हिस मावशीकडून सप्रेम... कै. आजींच्या स्मरणार्थ... अहो, हे स्मरणार्थसुद्धा देऊन टाकताय?" मी गप्प.

मग पातेलं उलटं झालं.

"ग. रा. लिमये. १२-५-७१." काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लिमये?"

"नाही."

"माहेरच्या?"

"नाही."

"मग?"

रांग शांत झाली. एक बाई तर पुढे सरकून बघायला लागली. लिमये म्हणजे आमच्या समोरच्या खोलीतले. २००१ साली डोंबिवलीला गेले. त्यांचं पातेलं आमच्या माळ्यावर कसं आलं ते खरंच ठाऊक नव्हतं, पण कुणी आणलं असेल ते ठाऊक होतं, आणि सासूबाईंना जाऊन दोनच वर्षं झालीत. गेलेल्या माणसावर चारचौघांत ढकलायचं कसं? आणि नाही ढकललं तर चोर मी.

"शेजारचं असेल. राहिलं असेल चुकून," मी म्हटलं.

"म्हणजे वस्तू तुमच्या मालकीची नाही." काकांचा आवाज एकदम खात्यातला झाला. "मालकाची संमती लागेल. फोन लावा."

आणि मी लावला! पन्नाशी उलटलेली, बँकेत रोज लोकांच्या सह्या पडताळणारी बाई मी. एका अनोळखी माणसाने लावा म्हटल्यावर मुकाट्याने फोन लावला. काका म्हणाले, स्पीकरवर टाका. तोही टाकला.

"काकू, मी पाचपाखाडीतून बोलतेय. तुमचं एक पातेलं..."

"पाच लिटरचं?" लिमये काकू ब्याऐंशीच्या आहेत. आवाज अजून जिन्यातून हाक मारायचाच. "काठाला पोचा आहे?"

"आहे."

"तो आमच्या बाळ्याने पाडला. तुझ्या डोहाळजेवणाला नेलं होतं तुझ्या सासूने, बासुंदीला!"

रांगेतल्या बाईने "अगं बाई" म्हटलं. माझा मुलगा आता सत्तावीस वर्षांचा आहे.

"मी मागायला आले होते, नाही असं नाही," काकू पुढे म्हणाल्या. "दोनदा आले. तर म्हणाली, रिकामं कसं देऊ, काहीतरी गोड करते नि घालून देते. माणूस तशी रीतीची. मग बाळंतपण झालं, मग बारसं, मग आम्हीच निघालो. झाकण आहे हो माझ्याकडे. सून दर दिवाळीला विचारते, हे कशाचं? मी म्हणते, राहू दे."

काका म्हणाले, "म्हणजे वस्तू अपूर्ण आहे."

मी म्हटलं, "काकू, मग मी हे इथे देऊन टाकू का? चांगल्या कामाला जाईल."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग काकू म्हणाल्या, "दे हो. मी काय करू आता त्याचं. इथे दूधसुद्धा मायक्रोवेव्हमध्ये तापतं." आणि थोडं थांबून, "बघ बाई, तुला वाटेल तसं."

हे "बघ बाई" ज्याला ऐकू येत नाही तो मराठी घरात वाढलेला नाही. काकांनाही ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी पहिल्यांदाच काही न बोलता पातेलं सुलटं करून माझ्यासमोर ठेवलं. मग लगेच सावरून म्हणाले, "शिवाय संमती लेखी हवी."

एकूण हिशेब : नेल्या एकेचाळीस वस्तू, संस्थेने घेतल्या सहा. सहा चादरी. त्यांचीसुद्धा काकांनी लांबी मोजली, वितीने. पावती मिळाली, त्यावर माझं नाव चुकलंय. परतीची रिक्षा एकशे वीस.

जाताना आम्ही भंगारवाल्याला विचारलं असतं तर त्याने सगळं किलोवर घेतलं असतं, नाव न वाचता. हे नवऱ्याने शनिवारपासून मला चार वेळा सांगितलंय. स्वतः मात्र १९९२ पासूनचे क्रिकेटचे अंक अजून खाली उतरवू दिलेले नाहीत.

आज शनिवार. उद्या डोंबिवलीला जायचंय. रिकामं कसं नेणार, म्हणून सकाळपासून त्याच पातेल्यात तीन लिटर म्हशीचं दूध आटवायला ठेवलंय आणि एका हाताने हे फोनवर टाइप करतेय. बूड चांगलं आहे, अजून लागलं नाही. निम्मं व्हायला आणखी तासभर तरी ढवळावं लागेल, आणि माझा उजवा खांदा माळा उतरवल्यापासून वर होत नाही. पॅसेजमध्ये कुकर, ताटं आणि पंधरा संक्रांती तशाच आहेत. बेल वाजली की आधी त्या ओलांडायच्या आणि मग दार उघडायचं.