मुक्त प्रवेशाची कार्यशाळा कशी घ्यावी (आणि काहीही मुक्त होऊ देऊ नये)

परवा खान्देशातल्या एका महाविद्यालयात ‘दुर्लक्षित संशोधन सर्वांसाठी खुलं करा’, म्हणजेच मुक्त प्रवेश, या विषयावर दिवसभराची कार्यशाळा झाली. शेवटी पीपीटी मागितली, तर साधनव्यक्ती म्हणाले, “ती देता येणार नाही, माझी आहे.” प्रशिक्षण द्यावं तर असं. तुम्हालाही कधीतरी अशी कार्यशाळा घ्यावी लागेलच, तेव्हा घ्या लिहून.

पत्रिकेत वेळ साडेदहाची छापा आणि सुरुवात साडेबाराला करा. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मग ‘संशोधनाचे महत्त्व’. प्रमुख पाहुण्यांना विषय माहीत नसेल तर उत्तमच, ते बहिणाबाईंवर बोलतील.

बॅनरसमोरचा, ठिकाण छापलेला जिओटॅग फोटो विसरू नका. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलीत तोच लागतो.

संशोधन म्हणजे जर्नलातला पेपर, एवढं एकदा ठसवून टाका. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढला की गंगेत घोडं न्हालं! त्यामागच्या प्रश्नावल्या, केळीवरच्या करप्याची हंगामवार निरीक्षणं, तापीकाठच्या विहिरींच्या पाण्याचे तपासणी-तक्ते, फसलेले प्रयोग, अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी, हे सगळं कपाटातच बरं. कपाटाची किल्ली निवृत्त सरांकडे असतेच.

सातपुड्यात पावरा आदिवासींच्या पावरी बोलीतल्या गोष्टी रेकॉर्ड करताना सांगणाऱ्याची संमती घेऊ नका. नंतर त्या खुल्या करता येत नाहीत, म्हणजे प्रश्नच मिटला.

स्कॅनिंग मात्र मन लावून शिकवा. मोबाइलने फोटो काढायचे, पान तिरपं हवं, कोपऱ्यात अंगठा आलाच पाहिजे. फाइलचं नाव ‘फायनल फायनल न्यू २’. मजकूर जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेला असेल तर तसाच पीडीएफ करा. डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण फाइलच्या पोटात त्या जागी रोमन अक्षराचा क्रमांक बसलेला असतो. म्हणून ‘केळी’ शोधलं तर काही सापडत नाही, आणि कॉपी करून चिकटवलं तर नुसती रोमन अक्षरांची भेळ. अहो, मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असलेल्या पद्धतीत, आणायचा असतो! मग पहिली वेलांटी आणि रफार हाताने तपासायचे, कारण जुन्या फॉन्टात ते दिसतील त्या क्रमाने टाइप होतात आणि कन्व्हर्टर तिथेच घसरतो. कागद असेल तर ३०० डीपीआयवर सरळ स्कॅन, मग टेसरॅक्ट या प्रोग्रॅममध्ये भाषा मराठी निवडून ओसीआर, म्हणजे चित्रातल्या अक्षरांचा शोधता येणारा मजकूर. इंग्रजीवर ठेवून ‘मराठीचं ओसीआर होतच नाही’ म्हणायचं नाही. आकड्यांचे तक्ते पीडीएफमध्ये कोंडू नका. सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी मजकूर-फाइल, करा, तीही यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारात, नाहीतर मराठी मथळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. आणि एककं लिहा! ‘उत्पादन ६०’ म्हणजे काय, हेक्टरी टन की आणखी काही? रकान्याच्या डोक्यावर एक शब्द लिहायला कोणाच्या बापाचं काय जातं?

असो. आपण सल्ले देत होतो.

जेवणात वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी ठेवा, आणि प्रात्यक्षिक त्यानंतर.

संशोधनाच्या फाइली खुल्या ठेवायच्या झेनोडो या संकेतस्थळाची सरावासाठी वेगळी सँडबॉक्स साइट आहे, ती कोणाला सांगू नका. सगळ्यांना खऱ्या साइटवर ‘टेस्ट १२३’ प्रकाशित करायला लावा. तिथे नोंदीला मिळणारा डीओआय, म्हणजे ओळख-क्रमांक, कायमचा असतो. तुमच्या महाविद्यालयाचं नाव त्या ‘टेस्ट १२३’सोबत अजरामर होईल.

ग्रंथालयाच्या साइटवर फाइल टाकताना लायसन्स, म्हणजे ती कोणी कशी वापरावी याची परवानगी, लिहू नका. लिहिलं नाही की कायद्याने सगळे हक्क राखीव. बघा, पण हात लावू नका.

बस्स झालं आता. प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याचा नियम यूजीसीने २००९ मध्ये केला, आणि तुम्ही अजून महत्त्वच सांगताय? महत्त्व पटलंय सगळ्यांना, भाऊ. येत नाही ते काम. तिकडे गठ्ठ्यांना वाळवी लागलीय, आणि प्रबंधामागच्या पाकिटातल्या सीड्या वाचायला धड ड्राइव्ह सापडत नाही. दहाच माणसं बोलवा, प्रत्येकाला स्वतःचा एक गठ्ठा आणायला सांगा. शाल-नारळाच्या पैशांत स्कॅनर घ्या. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाची एक नोंद लेखकाचं नाव, वर्ष, गाव, एककं आणि लायसन्ससकट वर चढल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नका. एवढंही जमत नसेल तर निदान लोकांचा रविवार खाऊ नका.