खुलासा : लेझरने इंजिन साफ करण्याचा तो मेसेज

‘लेझर मारा, इंजिन न खोलता आतबाहेर नव्यासारखं. धूर नाही, धोका नाही, चष्मासुद्धा नको,’ असा मजकूर एका व्हिडिओसोबत फिरतोय. व्हिडिओत दिसतं तसा गंज खरंच उडतो. मजकूर मात्र चुकीचा आहे.

लेझरचा किरण सरळ रेषेत जातो. जिथे तो पोचत नाही, तिथली घाण तशीच राहते. तेलाच्या बारीक वाटा, वळणदार पोकळ्या इंजिन न खोलता साफ होणं शक्यच नाही. गंज आणि काजळी किरण शोषून घेतात, उघडा धातू बराचसा परतवतो, म्हणून स्पंद-लेझरने (सलग नाही, तर अगदी छोट्या झटक्यांत किरण सोडणाऱ्या यंत्राने) धातू फारसा न तापता वरचा थर निघतो. सतत किरण सोडणारं यंत्र मात्र पातळ अ‍ॅल्युमिनियम तापवून वाकवू शकतं. रबरी सील तर जळतातच.

धूर नाही म्हणणं सपशेल चूक. उडालेला थर नाहीसा होत नाही. त्याची बारीक धूळ आणि वाफ होते, ती ओढून घ्यावी लागते. चिकट ग्रीस आधी धुऊन काढलेलं बरं.

सगळ्यात घातक वाक्य चष्म्याचं. या यंत्रांचा किरण साधारण 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे अदृश्य. डोळा मिटायची वेळच येत नाही, आणि चकचकीत भागावरून परतलेला किरणही दृष्टिपटल जाळू शकतो. यंत्रावर ‘वर्ग 4’चं, म्हणजे लेझरच्या सगळ्यात धोकादायक वर्गाचं, लेबल असतं ते उगीच नाही. त्याच तरंगलांबीचा संरक्षक चष्मा लागतो. उन्हाचा गॉगल चालत नाही.

तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासाही टाका.