तिनं मला विचारलं होतं

सकाळपासून डोकं फिरलंय. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नवजात पोरीचा फोटो फिरतोय. तुरीच्या बांधावर सापडली म्हणे. अंगभर मुंग्या चावल्याचे चट्टे. खाली लिहिलंय, "निर्दयी मातेला भर चौकात फाशी द्या." त्यावर अंगठ्यांची रांग. "हिचा बाप कुठंय?" एवढं एकानंही विचारलं नाही.

आधी तो फोटो ग्रुपवरून काढून टाका. अशा लेकराची ओळख उघड करणं हाच बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मी बीड जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात नर्स होते. 2018 चा दसरा होऊन गेलेला. एक बाई बाळंत झाली, तिसरी पोरगी. नवरा दुसऱ्या बाईला घेऊन निघून गेलेला. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्यानं घेतलेली, फेडायची हिनं. चार दिवसांनी गाडी कारखान्याला निघणार होती. बाळाला गुंडाळायला मी माझ्या जुन्या सुती साडीचं फडकं दिलं, मोरपंखी काठाचं. तेव्हा ती हळूच म्हणली, "सिस्टर, हिला कुठं ठेवून घेतेत का?"

मी म्हणाले, "असं बोलू नये गं, पाप लागतं." आणि ड्युटी संपवून घरी गेले.

तिसऱ्या दिवशी पहाटे देवळाच्या ओट्यावर पोरगी सापडली. पोलिसांनी आमच्याकडंच आणली. मोरपंखी काठ दिसला आणि माझे हात गार पडले. दवाखान्याच्या रजिस्टरवरून आईचं नाव निघालं. गुन्हा तिच्या एकटीवर. नवऱ्याला कुणी शोधलंसुद्धा नाही.

तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम 317 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 93 आहे. बारा वर्षांखालचं मूल आई-बापानं किंवा सांभाळणाऱ्यानं कायमचं टाकायच्या इराद्यानं उघड्यावर ठेवलं, सोडलं, तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. लेकरू दगावलं तर सदोष मनुष्यवधाचा, खुनाचाही खटला होऊ शकतो. आणि नीट वाचा, कायद्यात बाप आधी लिहिलाय, आई नंतर.

सगळं त्या इराद्यावर आहे. आपल्याकडची माणसं लेकरं आजी-आजोबांपाशी ठेवून सहा-सहा महिने उसाला जातात, त्याला कुणी टाकणं म्हणत नाही. आणि जिला खरंच सांभाळणं होत नाही, तिच्यासाठी 2015 च्या बाल न्याय कायद्यात वाट आहे, कलम 35. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढं लेकरू न्यायचं, आपल्या हातानं सोपवायचं. समिती चौकशी करते, समजावते, कागद करते, वर दोन महिने देते, मन बदललं तर. आणि या चौकशीत जन्मदात्यांवर एफआयआर करायचा नाही, असं कलम 38 मध्ये चक्क लिहून ठेवलंय.

म्हणजे त्या रात्री मला एवढंच म्हणायचं होतं, "हो बाई, घेतात." मला ठाऊक नव्हतं असंही नाही. वॉर्डाच्या भिंतीवर 1098 चं, लेकरांच्या हेल्पलाइनचं, पोस्टर होतं. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

मान्य, पोरगी झाली म्हणूनच टाकणारेही आहेत. 2011 च्या जनगणनेत आपल्या बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार पोरांमागं 807 पोरी निघाल्या, त्या काय उगीच? ठरवून टाकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, बापाला आणि सासूलाही.

पण ती बाई? कार्तिकाचे दिवस होते. पहाटे काकड्याला माणसं येतात, हे ठाऊक असूनच तिनं तो ओटा निवडला. फडक्याला घट्ट गाठ मारलेली होती, वाऱ्यानं उघडू नये म्हणून. ओली बाळंतीण अंधारात तिथवर चालत गेली. तिला निर्दयी म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पाप मी तिला सांगितलं, वाट सांगितली नाही.

मघाशी ग्रुपवर चिडून एवढंच लिहिलं: लेकरू सांभाळणं होत नसेल तर 1098 ला फोन करा, पोलीस केस होत नाही. कुणी काही बोललं नाही. पाच मिनिटांनी ओळखीच्या एका बाईचा वेगळा मेसेज आला, "ताई, तिथं नाव विचारतात का?"

विचारतात, पण बाहेर कुणाला सांगत नाहीत. असं लिहून पाठवलंय. वाचलेलं दिसतंय, उत्तर नाही. आता फोन लावते तिला.