‘रिंग्ज फक्त फोटोपुरत्या’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या जिम्नॅस्टिक्स क्लासला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला आणि छोट्याला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण ‘महिन्याला दोन हजार घेतात, चार वर्षांच्या मुलाला रिंगवर धड लटकूही देत नाहीत, नुसतं अस्वलासारखं चालवतात आणि वर बाई पालकांवर ओरडतात’ हे तुम्ही चारचौघांत लिहिलंत, म्हणून इथेच सांगते.

टीव्हीवर दिसतात त्या स्पर्धेच्या रिंग्ज जमिनीपासून 2.80 मीटरवर असतात. छोट्या गटाच्या आम्ही मुलाच्या छातीइतक्या खाली घेतो, खाली जाड मॅट. आधी पाय टेकवून मागे झुकायचं, मग गुडघे उचलून तीन-चार आकडे मोजेपर्यंत लटकायचं आणि आपल्या पायांवर उतरायचं. बस. मूठ दमली हे या वयाचं मूल सांगत नाही, सरळ सोडून देतं. हात-पाय टेकून चालायच्या अस्वलचालीने खांदे-मनगटांना अंगाचं वजन पेलायची सवय होते, ती टाइमपास नाही.

आता ओरडण्याचं. तुम्ही बुटांसकट मॅटवर आलात, मोठ्या मुलांच्या रिंगकडे छोट्याला दोन्ही मनगटांना धरून वर खेचलंत आणि मॅडमना फोटो काढायला सांगितलंत. हे रिव्ह्यूमध्ये नाही. या वयात हात असा झटक्याने ओढला तर कोपरातलं हाड लिगामेंटमधून, म्हणजे त्याला जागेवर धरणाऱ्या पट्टीतून, सरकू शकतं, डॉक्टर त्याला ‘पुल्ड एल्बो’ म्हणतात. म्हणून आमच्याकडे मुलाला कमरेला धरूनच उचलतात, मी स्वतःसुद्धा. मी ओरडले ते तेव्हा. तो दचकून रडला, खरं आहे. पण हात दुखावला असता तर तुम्ही कुणाला जबाबदार धरलं असतंत?

भाड्याचा हॉल आहे सर, जूनचे प्रवेश तोंडावर आहेत आणि लोक आधी स्टार बघतात.

पालकांना पहिल्या दिवशीच सगळं नीट सांगायची काहीतरी व्यवस्था करतोय, त्यांच्या बसायच्या जागेचंही बघतो. उरलेल्या दिवसांची फी परत हवी असेल तर संध्याकाळी सहानंतर या, देते. रिव्ह्यूमधला ‘लुटतात’ हा शब्द तेवढा काढाल का? छोट्याची पाण्याची बाटली ऑफिसमध्येच राहिली आहे, तीही घेऊन जा.