दोन कर्ण, नऊ पाटे

जंगलवाटेवर जीपमागे ओढायचा ट्रेलर विकत घ्यायला गेलो असतो, तर दुकानदाराने किंमत सांगितली असती, मी "बघतो" म्हटले असते आणि प्रकरण तिथेच मिटले असते. पण मला मित्र आहेत.

"विकत कशाला? भंगारात सगळं मिळतं," वेल्डर म्हणाला. गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात हे खोटे नाही. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि खनिज वाहणारे कितीतरी टिपर माडांखाली गंजत बसले. त्यातल्याच एकाचे पाटे, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, आम्ही किलोच्या भावाने आणले. ॲक्सल एका मोडीत निघालेल्या जीपचा. म्हणजे चाके दोन्हीकडे सारखी, स्टेपनी एकच पुरेल. या हुशारीवर मी दोन दिवस खूश होतो.

सांगाड्याला जुन्या फाटकाचे लोखंड. तो काटकोनात आहे का, हे बघायचे काम गणिताच्या मास्तरांकडे. "दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत, नाहीतर ट्रेलर कुर्लीसारखा तिरका चालेल," म्हणत त्यांनी गवंड्याची दोरी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ताणली. एक कर्ण पाऊण इंच कमी भरला. महाभारतापासून एका कर्णावर अन्याय होतोच.

"मास्तर, पाऊण इंचाने काय होतंय हो?"

"पाऊण इंच म्हणजे नापास."

वेल्डरने ग्राइंडर उचलला, मारलेले टाके कापले, पुन्हा मारले. तिसऱ्या खेपेला कर्ण जुळले, तोवर रॉड संपले होते आणि मास्तरांशी कुणी बोलत नव्हते.

पाटे एकेका बाजूला नऊ. भरलेला टिपर पेलणारी ती जात. तिच्यावर आमचा तंबू, शेगडी आणि बँकवाल्याची बर्फाची पेटी म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी. बागायतीतल्या वाटेवर पहिली चाचणी घेतली, तर ट्रेलर शिगम्यातल्या घोडेमोडणीसारखा नाचत आला. ढोल-ताशे तेवढे नव्हते. मग पाटे कमी करणे आले. यू-बोल्टचे नट रात्रभर डिझेल पाजूनही हलेनात. शेवटी पान्याला चार फुटी पाईप लावून चौघे लोंबकळलो. नट सुटला, मास्तर शेणाच्या खळग्यात बसले. नऊपैकी तीन पाटे ठेवले. काढलेले बारा लोहाराकडे गेले, कारण पाट्याच्या कोयत्याला धार चांगली धरते. ट्रेलर झाला नसता, तरी चार घरांच्या कोयत्यांची सोय झालीच होती.

ट्रेलरच्या नाकावर एकूण वजनाच्या दहा-पंधरा टक्के भार हवा, नाहीतर वेगात तो शेपूट हलवू लागतो. ते मोजायला बँकवाल्याने घरचा वजनकाटा आणला. तेव्हापासून तो काटा कुणालाही छत्तीस किलोच सांगतो. बँकवाल्याला ते आवडले आहे.

त्यानेच, रंग वाळल्यावर, आठवण करून दिली की 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच. नोंदणीशिवाय रस्त्यावर नेता येत नाही. बँकेची माणसे अटी नेहमी शेवटी सांगतात.

मे महिना होता. आईला भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं वाळवायला उंचावर, कोंबड्या न पोचणारी जागा हवी होती. तिने कुणाला न विचारता ट्रेलरवर चादर अंथरली. सोलं रसात भिजवून पुन्हा पुन्हा वाळवायची, म्हणजे मुक्काम लांबला. दुपारी फणसाची सावली सरकत आली की हाक येते, "गाडी काढ रे!" मी जीप जोडतो आणि ट्रेलर बारा पावले पुढे, उन्हात नेतो. संध्याकाळी पडवीखाली रिव्हर्स. मागे घेताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते. पहिल्या आठवड्यात दोन कुंड्या गेल्या, आता हात बसला आहे.

आईचे म्हणणे, अजून एक पाटा काढायला हवा होता. सोलं उडतात.