पन्नास हजारांचे सव्वा कोटी: त्या मेसेजमध्ये काय गाळलंय

गेल्या दोन आठवड्यांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. पहिल्यांदा सांगलीच्या आतेभावाकडून, मग इथे न्यू जर्सीत मंडळाच्या ग्रुपवर, आणि शेवटी बायकोच्या भिशीतून. मजकूर साधारण असा: "अमेरिकेत १९९१ साली एकाने बेसबॉलचं एक कार्ड ५० हजार डॉलरला घेतलं. २०२२ मध्ये ते १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. सोनं, जमीन, शेअर सगळं मागे पडलं. जुनी सीलबंद पाकिटं घेऊन ठेवा. नव्या खेळाडूंची रूकी कार्डं घ्या. १० ग्रेडचं असेल तर धोका नाही. जगात एकच असेल तर डोळे मिटून घ्या."

खाली आतेभावाने लिहिलं होतं, "तू तिथेच आहेस, बघ जरा." बघितलंय. मुलाच्या नादाने २०२१ पासून बघतोय, आणि बघता बघता थोडे डॉलर घालवलेतही. ही कार्डं म्हणजे खेळाडूंची चित्रं, पूर्वी पाकिटातून च्युइंगगमबरोबर यायची. तर एकेक मुद्दा घेतो.

पन्नास हजारांचे सव्वा कोटी झाले, हे खरंच आहे. कार्ड मिकी मँटल या बेसबॉलपटूचं, टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेलं, क्रमांक ३११. हेरिटेज या कंपनीच्या लिलावात ऑगस्ट २०२२ मध्ये ते १ कोटी २६ लाखांना गेलं. हिशेब केला तर ३१ वर्षं दरसाल साधारण साडेएकोणीस टक्के पडतात. उत्तमच. पण १९९१ साली ५० हजार डॉलर म्हणजे काय होतं? तेव्हाही ते कुणाच्या माळ्यावर स्वस्तात मिळालेलं कार्ड नव्हतं. ठाऊक असलेल्या प्रतींमधली सर्वांत देखणी म्हणून विकलेली ती प्रत होती, आणि घेणाऱ्याने तिचे भरभक्कम पैसे मोजले होते. तेच चित्र, तोच क्रमांक, पण कोपरे झिजलेलं आणि मधे घडी पडलेलं कार्ड आज विकायला काढा. सव्वा कोटीच्या शंभराव्या हिश्शालाही ते पोचत नाही. एका घोड्याने डर्बी जिंकली म्हणून तबेल्यातलं प्रत्येक शिंगरू घेत सुटायचं नसतं.

आणि हे कार्ड दुर्मिळ झालं कसं, ही गोष्ट मेसेजवाल्याने गाळलीय. खरा मुद्दा तर तिथेच आहे. १९५२ च्या मालिकेचा शेवटचा भाग हंगाम सरत आल्यावर बाजारात आला. पोरांचं लक्ष तोवर फुटबॉलकडे वळलं होतं. माल पडून राहिला. टॉप्सचे साय बर्जर यांनी स्वतः पुढे सांगितलेली हकीकत अशी, की ब्रुकलिनच्या गोदामात जागा अडवून बसलेली ती खोकी कुणी फुकटातही घेईना, म्हणून १९६० मध्ये पडावात भरून अटलांटिकमध्ये बुडवली. जी विकली गेली होती, ती पोरांनी सायकलच्या चाकात फटफट वाजायला लावली, रबरबँडने आवळली, आणि पोरं कॉलेजला गेल्यावर आयांनी केरात टाकली. कुणी जपलं नाही, म्हणून उरलेल्याला मोल आलं.

आता "जुनी सीलबंद पाकिटं घेऊन ठेवा" हे वाक्य परत वाचा.

१९८० च्या दशकात मँटलच्या कार्डाच्या किमती वर्तमानपत्रांत येऊ लागल्या, आणि सगळी अमेरिका एकदम शहाणी झाली. साधारण १९८७ ते १९९३ या काळात लोकांनी कार्डं गुंतवणूक म्हणून घेतली. बॉक्सच्या बॉक्स, न फोडता. कंपन्यांनीही मागेल तितकी छापली आणि छपाईचा आकडा काही सांगितला नाही. इथले संग्राहक या काळाला 'जंक वॅक्स' म्हणतात: मेणकागदाच्या पाकिटातला कचरा. लाखो घरांत एकाच वेळी, एकाच हेतूने, एकच वस्तू जपून ठेवली गेली. ती दुर्मिळ होणार कशी?

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीतल्या गॅरेज सेलमध्ये मी टॉप्सचा १९८८ चा अख्खा बॉक्स घेतला, १५ डॉलरला. ३६ पाकिटं, एकही न उघडलेलं. विकणाऱ्या आजोबांनी ३५ वर्षं तो नातवासाठी ठेवला होता. नातू मागे उभा राहून फोन बघत होता. घरी मुलाने पहिलं पाकीट फोडलं. आतली गुलाबी च्युइंगगमची पट्टी काचेसारखी तडकली आणि तिची पूड चटईवर सांडली. गमला चिकटून राहिलेल्या कार्डाच्या पाठीवर तपकिरी डाग, मेणकागदाला टेकलेल्यावर तेलकट डाग. उरलेल्यांत कुणाची चौकट डावीकडे सरकलेली, कुणाच्या कडा खरखरीत. त्या अख्ख्या बॉक्समध्ये एकही कार्ड असं नाही, ज्यासाठी ग्रेडिंगची, म्हणजे कार्ड तपासून दहापैकी गुण देणाऱ्या कंपनीची, फी भरणं परवडेल. संध्याकाळ मात्र छान गेली. त्या हिशेबाने १५ डॉलर काही जास्त नव्हेत.

"रूकी कार्ड घ्या, खेळाडू मोठा झाला की कार्ड वाढणारच." रूकी म्हणजे नवखा, त्याच्या सुरुवातीचं कार्ड ते रूकी कार्ड. यात दोन फटी आहेत. खेळाडू मोठा होईलच हे कुणी सांगितलं? १९९१ साली यांकीज संघाने ब्रायन टेलर या गोलंदाजाला, इथल्या भाषेत पिचरला, सगळ्यांत आधी निवडलं आणि साडेपंधरा लाख डॉलर बोनस दिला. १९९३ च्या डिसेंबरात मारामारीत त्याचा खांदा गेला. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीवर, तो एकही सामना खेळला नाही. त्याच्या कार्डांवर पैसे लावलेल्यांचं काय झालं असेल, ते सांगायला नको.

दुसरी फट जास्त दगा देणारी. केन ग्रिफी ज्युनियर खरोखरच महान झाला. २०१६ मध्ये ४४० पैकी ४३७ मतांनी तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला. अपर डेक कंपनीच्या पहिल्याच संचातलं, १९८९ चं त्याचं पहिल्या क्रमांकाचं कार्ड त्या पिढीचं सर्वांत लाडकं. पण १० ग्रेड मिळालेलीच त्याची चार हजारांहून अधिक कार्डं आहेत, खालच्या ग्रेडची तर मोजायलाच नकोत. अंदाज शंभर टक्के बरोबर येऊनही ज्यांनी तेव्हा खोकी भरून ठेवली, त्यांच्या मुलांची कॉलेजची फी त्यातून निघाली नाही. आणि गंमत बघा, मेसेजमधलं मँटलचं कार्ड रूकी कार्ड नाहीच. त्याचं रूकी कार्ड १९५१ सालचं, बोमन कंपनीचं.

"१० ग्रेडचं असेल तर धोका नाही." इथे मी स्वतः पोळलोय, म्हणून जरा थांबतो. ग्रेडिंग म्हणजे कंपनीकडे कार्ड पाठवायचं. ती कोपरे, कडा, पृष्ठभाग, सेंटरिंग (चित्र चौकटीत मधोमध आहे का) तपासून गुण देते आणि कार्ड प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये बंद करून परत पाठवते. गुण कार्डाच्या तब्येतीचे असतात, भावाचे नाही. फ्लिअर कंपनीचं १९८६ चं बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं १० ग्रेडचं कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं. एक नाही, त्याच लिलावात दोन. वर्ष सरायच्या आत तेच कार्ड, त्याच ग्रेडमध्ये, तीन लाखांच्या खाली मिळत होतं. त्या ग्रेडची तीनशेहून अधिक कार्डं होती. भाव चढला तशी बाहेर आली.

ते दिवसच तसे होते. घरात कोंडलेली माणसं, हातात सरकारी मदतीचे चेक. दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, आणि मे २०२१ मध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीने काही काळ दुकानांतून कार्डं विकणंच बंद केलं. ग्रेडिंगच्या कंपन्यांकडे इतका ढीग साचला की सर्वांत मोठ्या पीएसएने स्वस्तातली सेवा थांबवली. त्याच महिन्यांत मी एका नवख्या बास्केटबॉल खेळाडूचं १० ग्रेडचं कार्ड ४०० डॉलरला घेतलं. त्याचं नाव सांगत नाही, बिचाऱ्याच्या गुडघ्याचा काय दोष. गेल्या वर्षी ते ४५ ला विकलं. स्लॅबवर एक ओरखडा नव्हता. १० चं कार्ड १० चंच होतं.

पीएसएने ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड कुठलं, हेही माहीत असावं. बेसबॉलपटू होनस वॅगनरचं, १९०९ च्या सुमाराचं, सिगारेटच्या पाकिटातून आलेलं. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीने भागीदारीत १९९१ साली ते ४ लाख ५१ हजारांना घेतलं. त्याला ८ ग्रेड मिळाली. पुढे बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने २०१३ मध्ये कोर्टापुढे कबूल केलं, की विकण्यापूर्वी त्याने त्याच्या कडा कापल्या होत्या. तरी त्या कार्डाची किंमत पडली असं नाही. त्याची बदनामीही आता त्याच्या कीर्तीत जमा आहे. तुमच्या-माझ्या कार्डाच्या कडा कुणी कापल्या तर मात्र तो नुसता कचरा.

"जगात एकच" याबद्दल मेसेज निम्मा खरा आहे, आणि ते कबूल करायला हवं. बेसबॉलपटू माइक ट्राउटचं २००९ चं सही असलेलं सुपरफ्रॅक्टर, म्हणजे एकच प्रत छापलेलं कार्ड, २०१८ मध्ये ४ लाखांना घेतलं गेलं आणि २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजारांना विकलं गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये जॉर्डन आणि कोबी ब्रायंट यांच्या जर्सीवरचे लोगो बसवलेलं २००७-०८ चं एकुलतं एक कार्ड १ कोटी २९ लाखांवर गेलं. मँटलचा विक्रम मोडला. पण कंपन्यांना हे कळलंय. आता एकाच खेळाडूचं एकच छायाचित्र निळ्या, सोनेरी, लाल, काळ्या चौकटीत येतं, आणि दरेक संचात एक 'एकुलतं एक' असतं. वर्षभरात अनेक संच. एकुलत्या एकांची रांग लागते. मँटलची टंचाई हलगर्जीपणातून आली होती, ही छापखान्यात ठरवून येते.

विकणं सोपं नाही, हे मेसेजमध्ये मुळीच नाही. ईबेवर जवळपास १३ टक्के कापले जातात, टपाल-विमा वेगळा, आणि इथे राहणाऱ्यांना अशा वस्तूंच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर. सांगलीला मागवायचं तर कस्टम आलंच.

मग घेऊच नये का? मुलाला मी सांगतो ते असं: दुसऱ्या महायुद्धापूर्वीची किंवा १९५० च्या दशकातली, निवृत्त होऊन कीर्ती पक्की झालेल्या खेळाडूंची, मध्यम ग्रेडची कार्डं बाजार थंड असताना घे. बुडाली तरी बघायला चांगली आहेत. पाकीट फोडायचं ते सिनेमाच्या तिकिटासारखं धरून.

आतेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो थोडा हिरमुसला, मग म्हणाला, "आपल्या त्या बिग फनच्या कार्डांचं काय रे?" बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची, त्यांवर धावा आणि विकेट असायच्या, आणि त्या जमवून दिल्या की बदल्यात फ्लिपबुक मिळायचं. आम्ही सगळी कार्डं देऊन टाकली होती. फ्लिपबुक मिळाल्याचं त्याला पक्कं आठवतंय. पानं फरफर उलटली की बॅट फिरायची. ते पुढे कुठे गेलं, ते दोघांनाही आठवेना.